फळीवरचं उसनं पितळ

आमच्या घरात कधी काही हरवलं नाही. हरवायला काही नव्हतंच!

रनाळ्याला आमचं घर म्हणजे धाब्याच्या दोन खोल्या. एकीत माणसं, दुसरीत माणसं आणि चूल. मी लग्न होऊन आले तेव्हा आतल्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळी होती आणि फळी पितळेने भरलेली होती. सहा महिन्यांनी विहीर ढासळली. ती बांधता बांधता हंडे विकले गेले, घागरी गेल्या, शेवटी सासऱ्यांचा अंघोळीचा तांब्या गेला. पुढच्या साली सासरेही गेले. रडायला कोणाला वेळ नव्हता, कापूस वेचणीला आला होता.

फळी तेवढी राहिली. तिच्यावर गोल गोल काळे डाग. इथे हंडा होता, इथे घागर. गावात वीज आली नव्हती. धाब्याच्या मातीच्या छताला उजेडासाठी एक भोक होतं, त्यातून दुपारी उन्हाची तिरीप यायची आणि फळीवरून मुंगीच्या पावलाने सरकत जायची. मी चुलीपुढे बसून बघत राहायची. मला त्या रिकाम्या फळीवर सगळं दिसायचं हो! हंड्यावर घागर, घागरीवर तांब्या. तिरीप पुढे सरकली की पुढचं भांडं चकाकायचं. धूर बाहेर पडताना त्या उन्हात निळा व्हायचा. आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कोणीतरी सोनं सोडतंय, असं वाटायचं. मग वास यायचा.

"वं पोरी, भाकर जळी ऱ्हायनी!" आत्या ओरडायची. (आत्या म्हणजे माझी सासू.) "काय देखी ऱ्हायनी तठे?"

"काही नही आत्या, भांडा लावी ऱ्हायनू."

"कोनता भांडा?!"

आवराआवरीचं मला वेडच होतं. भांडी नव्हती म्हणून मी मिरच्या लावायची, लांबीप्रमाणे. गोवऱ्या रचायची, त्याही अशा की वरचं चित्र बिघडेल म्हणून कोणाला काढू द्यायची नाही. आत्या म्हणायची, "रिकामं घर नीट ठेवाले काय अक्कल लागस?" खरंच होतं तिचं.

पण ती फळी सगळ्यात जास्त खुपायची विमलला. विमल माझी नणंद. चौथी शिकलेली, दिसायला छान, कामाला वाघीण. तिला बघायला दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. दोघांनी पोरीपेक्षा फळीच जास्त बघितली. "पोर चांगली शे, पन घर रिकामं दिखास," असा निरोप आला. विमल रडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती फळीकडे पाठ करून जेवायला बसायची. आणि आमच्याकडे म्हणायचे, तिसरे परत गेले की चौथे येत नाहीत.

तिसरं स्थळ आणलं गावातल्याच रघोमामांनी. तापीपल्याड, लोणखेड्याचे हिरामणबापू, त्यांचा मुलगा. उद्या बघायला येणार!

आत्याने मला जवळ बोलावलं. "फळी भरनी पाहिजे," म्हणाली.

"कसानी भरू?"

"गल्ली काय मरी गयी का?"

मी पदर खोचून निघाले. एका घरानं नाही म्हटलं नाही. शेजारच्या जमनाकाकूने हंडा दिला, पण सोडेना. "देस माय, पन मातीघाई घासू नको, चिंच लाव. नि मन्हा हंडाले पोचा पडना ना, तं तसाच तुन्हा टकुराले पाडसू!" रघोमामांच्या बायकोने माळ्यावरून एक भलीमोठी परात काढली. काळीकुट्ट. "घासता येई तं घास," म्हणाली. असे एकवीस नग जमले.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या सावलीत बसून घासायला लागले. चिंच आणि राख. काळं जायचं आणि खालून पिवळं उगवायचं, सकाळ उगवते तसं. आणि त्या पिवळ्यातून हळूच ठिपके वर यायचे. कासाराने ठोकून ठोकून काढलेली अक्षरं. अक्षरं आहेत एवढं कळत होतं मला, एवढी काही अडाणी नव्हते! (एवढीच होते.) पण अक्षर म्हणजे देवाचं काहीतरी, असं मला वाटायचं. पोथीत असतं, देवळाच्या दगडावर असतं. शेताच्या तासात कोवळी ज्वारी उगवते, तशी ओळीने बसलेली. मी प्रत्येकावरून बोट फिरवलं.

मग भांडी फळीवर लावली. सगळी अक्षरं पुढे! एका ओळीत! बायका हळदीकुंकवाला बसतात आणि प्रत्येकीचं कपाळ भरलेलं असतं, तशी. तिरीप आली आणि एकेका भांड्यावरून चालत गेली. एकेक अक्षर पेटलं आणि विझलं. त्या दुपारी मी स्वयंपाकच विसरले.

"कसं दिसस?" आत्याने विचारलं. तिला मोतीबिंदू.

"दिवाळी, आत्या!"

विमलला हे दिसलंच नाही, ती सकाळपासून जमनाकाकूकडे वेणीफणीला. आमच्या यांना दिसलं ते पाहुण्यांना घेऊन आत आले तेव्हा. यांना दुसरीपर्यंतचं वाचता येत होतं. फळी बघितली आणि पितळेसारखे पिवळे पडले! मला वाटलं, हरखले.

हिरामणबापू बसले, त्यांची बायको बसली, रघोमामा मधोमध बसले. बापूंनी खिशातून चष्मा काढला. मला नंतर कळलं, बापूंना वाचायचा नाद. विडीचं बंडल वाचायचे. बैलांच्या दमणीतून येताना मैलाचे दगड मोठ्याने वाचत आले होते म्हणे.

"सौ. जमनाबाई धुडकू," बापूंनी हंडा वाचला. "ह्या कोन?"

मी दाराआड होते. म्हणजे ही नावं होती! पण आत्या तयार बाई. "मन्ही सासू," म्हणाली. "देवमाणूस व्हती बिचारी!"

(देवमाणूस अंगणाच्या दारातून ऐकत होती, जिवंत.)

"लोटन उखा?"

"सासरा."

"सखाराम भिका?"

"तो बी सासरा. चुलत."

"झेलाबाई नथू?"

"चुलतसासू. दोन्ही बराबर ऱ्हायेत."

"मोठं गोत शे तुम्हनं," बापू म्हणाले. रघोमामा खूश होऊन मान हलवत होते. "भजनी मंडळ, रनाळे?"

आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तो बी घरनाच शे."

हे धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होते, पुसत होते, थांबतच नव्हते. बापू उठले आणि फळीच्या पार टोकाला गेले. तिथे ती परात होती, सगळ्यात सुंदर घासलेली. इतकी, की बापूंचंच तोंड तिच्यात दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला. परत लावला.

"हिरामण... सुका... लोणखेडा."

धाब्याच्या भोकात एक चिमणी बसली होती, ती उडाली.

"हाऊ बी तुम्हना सासरा का?" बापूंनी विचारलं.

आत्याला आता लय सापडली होती. "हां! मोठा सासरा. मरी गया तो, धा वरीस व्हयनात."

"मी जित्ता शे, बाई!"

आणि बापूंची बायको ताडकन उठली. "मन्ही परात! ओ माय, मन्ही परात!" तिने परात अशी छातीशी धरली जसं जत्रेत हरवलेलं पोर. "दीरना लगीनले रघोभाऊले लाडू बांधी दिधा व्हतात हाई परातमा! लाडू गयात, परात बी गयी! मी तीन गावमा धुंडी!"

रघोमामा पाणी पीत होते, ते नाकातून आलं. "बैल सुटना वाटस," म्हणाले आणि गेले. एका पायात स्वतःची वहाण, एका पायात बापूंची.

मध्यस्थच गेला! आत्या भिंतीला टेकली. मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात विमल आली, हातात ताट, ताटात कपबशा. बाहेर उभं राहून तिने सगळं ऐकलं होतं. तिने एकदा फळी वाचली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी अजून घाबरते.

तिने ताट खाली ठेवलं. म्हणाली, "हाई सगळं उसनं शे. आमनं पितळ विहीरमा गयं. ह्या कपबश्या बी उसन्या शेतस."

बापूंच्या बायकोने परात खाली केली. "नि तू?"

"मी या घरनी शे," विमल म्हणाली.

तिरीप तेव्हा तिच्या पायाशी होती. मला वाटलं, आता ही दोघं उठतील, दमणी जुंपतील आणि विमल आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून जेवेल. माझ्यामुळे. अक्षरं मागे फिरवली असती तर काय बिघडलं असतं!

बापूंची बायको हंड्याकडे बघत म्हणाली, "गल्लीभरना लोके आपलं पितळ या घरले देतस. मन्ही गल्लीमा माले कोनी चाळणी बी देत नही."

"तू वापस कोठे करस?" बापू म्हणाले.

आधी बापूंचीच बायको हसली. मग बापू. मग आत्या, कोण कशाला हसतंय हे न दिसता. आणि दारातून जमनाकाकू तरातरा आत आली, फळीवरचा हंडा काढून कमरेवर घेतला आणि म्हणाली, "हसा तुम्ही! मी मरी गयी ना, मंग मन्हा हंडा इथं कसाले?"

गूळ वाटला. सोयरीक जमली! बाकीची भांडी विमलने एकेक नाव वाचून घरोघर पोचवली. मला हात लावू दिला नाही. रघोमामा लग्नात जेवायला आले, पण बापूंची वहाण घालून आले नाहीत, एवढी लाज त्यांना होती.

पण माझं नाव झालं, बरं का! बापूंची बायको घरभर सांगत सुटली, पोरीच्या वहिनीने उसनं पितळ असं लावलं की डोळ्याचं पारणं फिटलं, तर माझं स्वतःचं किती सुरेख लावेल! लग्नाच्या आठ दिवस आधी मला लोणखेड्याला बोलावून घेतलं. काय घर ते! पाच फळ्या, डब्यांच्या रांगा, मडक्यांच्या उतरंडी. मी दोन दिवस झोपेत चालल्यासारखी चालत होते. हे इकडे, ते तिकडे. मोठं मागे, लहान पुढे. एकदा तर मी थांबून नुसती बघत उभी राहिले, आणि संध्याकाळ झाली. निघताना विहीणबाईंनी माझी दृष्ट काढली.

मी घरी परतल्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा गडी निरोप घेऊन आला. "घर लय सुंदर दिखास. लोके देखाले येतस. फक्त मीठ कोठे ठेवं ते सांगा, तीन दिन व्हयनात, आळणी खाई ऱ्हायनूत."

मी उंबऱ्यावर आठवायला बसले. डोळे मिटले की पाचही फळ्या दिसायच्या. हळद दिसायची, हिंग दिसायचा, सुपारीचा डबासुद्धा दिसायचा. मीठ काही दिसेना. बिचाऱ्यांनी लग्नासाठी नवं आणलं.

विमलला आता पणतू झालेत. भेटली की अजून विचारते, "वैनी, आठवनं का?"

मी म्हणते, "घाई नको करू माय. इतलं नीट आवरीसन ठेवं, ते जाई कोठे!"