दोनशे चौदा पॅकेजं आणि एक पाठकोरा कागद

नायगावच्या आमच्या वाचनालयासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. साडेचारशे ओळींचा. तो चालायला इतरांनी लिहिलेली दोनशे चौदा तयार पॅकेजं लागतात. मी मागवली होती पाच. उरलेली दोनशे नऊ त्या पाचांना लागतात म्हणून आली. मोजली आहेत, न मोजता मला जेवण जात नाही. प्रोग्राम नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. दोन वर्षांत चौघांनी उतरवून घेतला. त्यातला एक मीच, ऑफिसातून.

वाचनालयाची इमारत पाडायची होती. रविवारी टेम्पो येणार आणि सहा हजार एकशे अठरा पुस्तकं निदान तीन वर्षांसाठी गोदामात जाणार. खोक्यांवर यादी नसेल, तर पुढे कोणतं पुस्तक कुठे हे देवालाच ठाऊक. यादी माझा प्रोग्राम छापणार होता.

शुक्रवारी स्क्रीनवर सूचना आली: सदतीस पॅकेजं जुनी झाली आहेत. सिलेंडर बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिणारा माणूस मी. सदतीस गोष्टी थकीत ठेवतो होय? सगळी नवी करून घेतली. शनिवारी सकाळी यादी छापली. मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. अगदी सुबक, एकसारखे.

पानावर अक्षरं उमटवणाऱ्या पॅकेजच्या कर्त्याने नव्या आवृत्तीतून देवनागरी काढून टाकली होती, फारसं कुणी वापरत नाही म्हणून. त्याला लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं: काम फुकटचं आहे, जमत असेल तर तुम्हीच दुरुस्त करा. बरोबरच होतं. मीही माझ्या चौघांना हेच सांगितलं असतं.

जुनी आवृत्ती परत लावायला तिचा क्रमांक हवा. जुन्या आवृत्त्या एकसष्ट. आणि माझ्या फाईलमध्ये पाचही पॅकेजांपुढे, क्रमांकाच्या जागी, मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं: ‘सर्वात नवीन’.

ग्रंथपाल बाईंना विचारलं, "बाई, चाचणीची जुनी यादी आहे का हो? शेवटच्या पानावर पॅकेजांचे क्रमांक छापले होते."

"ते गिचमिड? तेव्हाच म्हटलं होतं, भाऊ, कागद नासतोय. पाठकोरा होता, फाडून कोणी कोणतं पुस्तक नेलं त्याच्या चिठ्ठ्या केल्या."

"मग चिठ्ठ्या कुठायत?"

"पुस्तकं सगळी परत आलीत, म्हणजे चिठ्ठ्या डब्यात. बसा खाली."

बिस्किटांचा डबा फरशीवर उपडा केला. आम्ही दोघं एकेक चिठ्ठी उलटत बसलो. दुपारी बाईंनीच ती काढली. एका आजोबांनी पाककृतींच्या पुस्तकाची मुदत तीनदा वाढवून घेतली होती. त्या नोंदीच्या मागे अक्षरांच्या पॅकेजचा जुना क्रमांक.

संध्याकाळपर्यंत एकशे त्रेपन्न खोक्यांवर याद्या चिकटल्या. चाळीस-चाळीस पुस्तकं, शेवटच्यात दोन कमी.

आता फाईलमध्ये दोनशे चौदांपुढे नेमके क्रमांक आहेत, जे पहिल्या दिवशीच असायला हवे होते. बाईंचा मात्र कॉम्प्युटरवर विश्वास नाही.

"ते शेवटचं पान दोन प्रतींत काढा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि एकाच बाजूने छापा. दुसरी बाजू मला लागते."