पुलावर सोडवलेली गाडी

चाकाचा ड्रम निघाला आणि ब्रेकच्या लायनिंगचा तुकडा माझ्या पायाशी पडला. मागे सावंत साहेब उभे होते. त्यांच्या मागे त्यांचा ड्रायव्हर, हरेश. कामणच्या रस्त्यावर गाडीचं मागचं डावं चाक चालता चालता जाम झालं होतं. आत सावंतांची आई होती. म्हाताऱ्या बाईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं.

"हँडब्रेक न सोडता चालवली ना याने?" सावंतांनी विचारलं.

खरं उत्तर मला माहीत होतं. कसं माहीत होतं, ते आधी सांगतो.

माझं गॅरेज गोखिवऱ्यात होतं. आमच्याकडे पाणी भरायला लागलं की सोसायट्यांतले लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. पुलाच्या कडेने लांब रांग लागते. पूल चढाचा, म्हणून प्रत्येक जण हँडब्रेक करकचून ओढतो आणि छत्री उघडून घरी जातो. पाणी ओसरेपर्यंत गाड्या तशाच भिजत उभ्या.

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात आणि शूवर लायनिंगचा जाड थर चिकटवलेला असतो. हँडब्रेक ओढला की शू ड्रमला दाबून बसतात. ओल्यात काही दिवस तसंच राहिलं तर ड्रमला गंज चढतो आणि लायनिंग त्या गंजाला धरून बसतं. मग हँडब्रेक खाली केला तरी चाक हलत नाही.

त्या पावसाळ्यात पुलावरच्या निम्म्याहून अधिक गाड्या अशा चिकटल्या. मी हातोडा घेऊन गेलो. ड्रमवर ठोकायचं, रिव्हर्सला एक झटका, पुढे एक झटका. टक्क असा आवाज येतो आणि चाक सुटतं. पहिल्या दोन-तीन गाड्या सुटल्या तसे लोक टाळ्या वाजवायला लागले. एक बाई थर्मास घेऊन चहा द्यायला आल्या. "काका, आधी माझी, ऑफिस आहे." "ओ, तुमचं ऑफिस काय पळून जातंय? काका, इकडे!" सगळं आयुष्य गाड्यांच्या खाली काढलेल्या माणसाला असं कोणी बोलावत नाही. मला ते फार आवडलं.

हरेश जूचंद्रचा. सावंतांच्या आईला दवाखान्यात नेणं-आणणं त्याच्याकडेच असे. ती बाई दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला तयार नसे. पुलावर त्याच्याकडची सावंतांची गाडी हट्टी निघाली. मी जोरात झटका द्यायला सांगितला, तेव्हा टक्क झालं नाही. काहीतरी सोलून निघाल्यासारखा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. लायनिंग गंजाला धरून राहतं आणि शूवरूनच सुटतं. अशा वेळी चाक काढायचं, ड्रम उघडायचा आणि आत बघायचं. दुसरा मार्ग नाही.

हरेशने खिडकीतून डोकं काढलं. "काका, आतून कायतरी तुटल्यासारखा वाजला. खोलून बघायचा का?"

"गंज आहे रे तो. चालव बिनधास्त."

मागे रांग होती आणि रांगेतले लोक मला हाका मारत होते.

सुटलेला तुकडा काही दिवस ड्रममध्ये कसाबसा राहिला. मग शू आणि ड्रमच्या मध्ये आडवा अडकला आणि त्याने फिरतं चाक जागीच धरलं.

म्हणून सावंतांनी विचारलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. हँडब्रेक ओढलेला राहिला असता तर मागची दोन्ही चाकं तापली असती. उजवं चाक थंड होतं. मी हात लावून पाहिलं होतं.

"मी हँडब्रेक खाली केलता, साहेब," हरेश म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काका, तुमी आतमध्ये बघितलाय ना? सांगा ना यांना."

पायाशी पडलेला तुकडा मी बुटाने जॅकच्या मागे सरकवला.

"हँडब्रेक थोडा वर राहिला असेल," मी म्हणालो. "लायनिंग जळलंय."

"काका?"

तो एवढंच म्हणाला. मी हात पुसत राहिलो. हात पुसून झाले तरी पुसत राहिलो.

"माझी आई होती गाडीत!" सावंत ओरडले. "चावी दे. उद्यापासून येऊ नकोस." हरेशने चावी बॉनेटवर ठेवली आणि चालत निघून गेला.

सावंतांनी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकलं. याला कोणी गाडी देऊ नका. तो निरोप शेजारच्या सोसायट्यांतही फिरला. हरेशला कोणी कामावर घेतलं नाही. शेवटी तो कामणच्या एका गोदामात माल उतरवायला लागला. एकदा तो मला रस्त्यात दिसला. मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत घातली.

पुढे माझे गुडघे गेले आणि गॅरेज बंद झालं. मग मला पुलावर मिळालेला तो मान कमी आणि ते "काका?" जास्त आठवायला लागलं. यंदा मी जूचंद्रला हरेशच्या घरी गेलो. त्याने मला बस म्हटलं नाही.

"त्या दिवशी चूक माझी होती," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"मी माफी मागायला..."

"मला सांगून काय फायदा, काका? मला तर तवापासून म्हाईत हाय. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना जाऊन सांगा. आनि फोनवर नको. त्यांच्या तोंडाकडं बघून."

सोसायटीच्या मीटिंगला गेलो. सेक्रेटरींनी बोलू दिलं. पुलावरचा आवाज, जॅकमागे सरकवलेला तुकडा, थंड चाक, सगळं सांगितलं. सावंत पहिल्याच रांगेत होते.

"माझ्यासमोर उभं राहून खोटं बोललात?"

"हो."

ते उठून गेले. मग मागून एकाने विचारलं, "काका, पुलावर आमची गाडीपण तुम्हीच सोडवली होती. ती उघडून बघितलेली बरी का?" लगेच दुसरा म्हणाला, "आमचीपण." मग प्रत्येक जण आपापल्या गाडीचं सांगायला लागला. "आधी हरेशचं बोलू," असं मी दोनदा म्हणालो. कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर खुलासा टाकला. खाली अंगठे आले. त्याला कामाला बोलावलं कोणीच नाही. हरेश अजून गोदामातच माल उतरवतो.

लोकांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, म्हणून सांगून ठेवतो. गाडी ओल्यात उभी करायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका. तरी ब्रेक चिकटलाच, तर सुटल्यावर ड्रम उघडून घ्या आणि स्वतः वाकून आत बघा. मेकॅनिक गरज नाही म्हणाला, तर दुसऱ्या मेकॅनिककडे जा.