भर दुपारची फवारणी

धाकटी बहीण कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आली की आमचे बाबा वेगळेच माणूस व्हायचे. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, तिच्यासमोर मात्र "मंग? पुढं?" सुरू. आमच्या गावी, जूचंद्रला, भात निघालं की आम्ही वांगी लावायचो. आई अंथरुणाला खिळली तशी दहावीनंतर माझी शाळा सुटली, आणि तेव्हापासून अळी लागलेले शेंडे रोज सकाळी खुडून जाळायचं काम माझं. कौतुकाचा शब्द कधी ऐकला नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! मी जळत होते, सरळच सांगते.

कापसाच्या नव्या बियाण्याची तेव्हा पेपरात चर्चा होती. ओटीवर बसून ती बाबांना सांगत होती, "मातीत एक जीवाणू असतो. तो एक प्रथिन बनवतो. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याला भोकं पडतात, ती खाणं सोडते आणि मरते. आपल्या पोटात मात्र ते नुसतं पचून जातं. त्या जीवाणूचं जनुकच आता कापसात घातलंय."

"म्हंजे झाडच औषध बनवतं?" बाबा पुढे सरकले.

तिने त्याच जीवाणूची भुकटी आणली होती. वांग्यावर फवारून बघायची होती. बाबांनी लगेच विहिरीजवळच्या दोन ओळी दिल्या. त्याच जागेत मोगरा लावू का, असं मी विचारलं होतं, तेव्हा 'नको' म्हणाले होते.

"ताई, ऊन उतरल्यावरच मार हां. उन्हात ते प्रथिन टिकत नाही," असं बजावून ती कॉलेजला गेली. मी ठरवून भर दुपारी बाराला पंप पाठीवर घेतला. घामाने निथळले, पण बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी ती आली. एकेक वांगं कापत गेली, प्रत्येकात अळी. तिचा चेहरा उतरला आणि मला आनंद झाला.

"ताई, संध्याकाळीच मारलंस ना?"

"हो."

"मग बाहेरून मारून भागत नाही. अळी अंड्यातून निघते ती थेट फळात शिरते. प्रथिन झाडाच्या आतच हवं." तिने वही काढली, पण पेन थांबलं. "नक्की ना, ताई? वेळ चुकली असेल तर हे सगळं चुकीचं लिहिलं जाईल."

बाबा तिच्यावर कधी नव्हे ते डाफरले. "थोरली बोलली ना, मंग तसाच आसंल. बारा वर्सं ही वांगी तिनंच सांभालली. तिचा कधी चुकत नाय."

बाबांनी वर्षं मोजली होती, हे मला तेव्हा कळलं. ते शब्द त्यांनी परत घेऊ नयेत म्हणून मी गप्प राहिले, आणि तिने वहीत 'संध्याकाळी' असं लिहिलं.