सातव्या प्रॅक्टिकलची सही

त्या सरांचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला होते. यवतमाळहून आलेली, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारी. नेटवर्किंगच्या जर्नलातलं सातवं प्रॅक्टिकल असं होतं: सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, त्याला एखाद्या सर्व्हरचं नाव द्यायचं, त्यानं नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधायचा आणि त्या पत्त्यावर जोडणी करायची. सगळे सीनियर्सचं जर्नल उतरवून काढायचे. त्यातला प्रोग्रॅम नाव विचारायचा आणि ते खुशाल बाजूला ठेवून आत आधीच लिहिलेल्या पत्त्यावर जायचा. तो पत्ता लॅबच्या जुन्या सर्व्हरचा. तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेला होता, तरी जर्नलात दरवर्षी आउटपुट एकच, ‘कनेक्टेड’.

मी तो प्रोग्रॅम चालवून बघितला, तिथेच फसले.

तो अडकून बसला, म्हणून मी माझा लिहिला. नाव दिलं की सिस्टिम पत्त्यांची यादी देते, कधी एक, कधी चार. पहिल्या पत्त्यावर नकार आला तर पुढचा बघायचा, एवढी साधी गोष्ट. लॅबमध्ये आलेल्या नव्या सर्व्हरचे दोन पत्ते होते. माझ्या आउटपुटवर तारीख आणि वेळ, खाली ‘पहिला पत्ता: नकार’, त्याखाली ‘दुसरा पत्ता: कनेक्टेड’. मला केवढा आनंद झाला होता!

“अहो मॅडम, आउटपुटमध्ये एरर आहे,” मी जर्नल सहीला नेलं तेव्हा सर म्हणाले.

“एरर नाही सर, पहिला पत्ता बंद आहे म्हणून तो दुसऱ्यावर...”

“आपण फार हुशार आहात. यवतमाळला दोन-दोन दारं ठोठावत असाल. इथे जर्नल सगळ्यांसारखं आणायचं, मग सही.”

वर्ग हसला. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. माझ्या बाबांना हे मी फोनवर कोणत्या तोंडानं सांगणार होते? संध्याकाळी बसून मी ते खोटं जर्नल शब्दन् शब्द उतरवलं. सरांनी पान न बघता सही ठोकली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं सातवंच दिलं. नव्या सर्व्हरचं नाव सांगितलं आणि म्हणाले, “जर्नलातलं चालवा.” चालवलं. प्रोग्रॅम बसला मख्खासारखा.

“अभ्यास नाही, दुसरं काय,” मागून सर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा प्रोग्रॅम तिथेच फोल्डरमध्ये पडला होता, मी तो चालवला. पहिल्यावर नकार, दुसऱ्यावर कनेक्टेड. परीक्षकांनी चष्मा वर केला.

“हे बरोबर आहे. मग जर्नलात का नाही?”

सर माझ्याकडे बघत होते. टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क त्यांच्याच हातात होते.

“माझी चूक, सर,” मी परीक्षकांना म्हणाले.

मी पास झाले. पुढच्या वर्षी खोलीतली एक ज्युनियर तिचं जर्नल घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसली. सातव्या प्रॅक्टिकलला माझा प्रोग्रॅम होता. सरांनी तो लॅबच्या मशीनवरून उचलला होता. आउटपुटही माझंच, वर माझ्या परीक्षेची तारीख आणि वेळसुद्धा तशीच.

“ताई, ही नकाराची ओळ लिहायलाच हवी का? सर म्हणाले, ती नसेल तर सही नाही.”

“तू चालवून बघितलंस?”

“नाही. बघू का?”

तिनं खरंच लॅपटॉप उघडला होता.

“आधी सही घे,” मी म्हणाले. तिनं लॅपटॉप मिटला आणि माझं आउटपुट निमूट उतरवायला लागली. त्या दिवशी मला सरांपेक्षा माझाच जास्त राग आला.