मावशीचं नख

लॉटरीत रोज जिंकणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि तिनं जन्मात कधी कार्ड विकत घेतलं नाही.

चिकलठाण्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर ती पेरू विकायची. मेंढरं राखून रापलेली, ठसठशीत कुंकवाची. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मावशीच म्हणायचे. शेजारच्या टपरीवर खरवडायच्या लॉटरीची कार्डं मिळायची. नव्यानं कामाला लागलेली आम्ही पोरं कार्ड घ्यायचो आणि मावशीपुढं धरायचो. तिच्या नखानं एकदा कुणाला तरी नव्या सायकलीपुरतं बक्षीस लागलं होतं, तेव्हापासून तिचा हातगुण गाजत होता. ती अंगठा पदराला पुसायची, कार्ड कपाळाला लावायची आणि खरवडायची. रिकामं निघालेलं कार्ड तिच्याच पाटीत टाकून पोरं आत पळायची. पेरू कुणी घेत नसे.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं, त्या दिवशी कारखाना चालू होता, पण टपरी उघडली नाही. मावशी मात्र गावाकडून पायवाटेनं आली. आम्ही चुळबुळत उभे.

"आज नखाला सुट्टी. जांब खा," तिनं पेरू पुढं केला. "ह्यातला एकबी रिकामा निघत नाय."

कामाचा भोंगा व्हायच्या आत पाटी संपली.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडली, कार्डं पुढं आली. मावशीनं हात पदराखाली घेतला.

"आधी जांब घ्या, मंग खरवडते."

"अन् नाय लागली लाटरी तर?" मी विचारलं.

"तर जांब खायचा, लेका. माझी तर लागली!"