गिल्बर्ट हिलखालचं लाल निशाण

अंधेरी स्टेशनबाहेर टांग्यात बसलो आणि थोड्याच वेळात ताडांच्या शेंड्यांवर तो काळा कडा दिसला. मी टांग्याची दांडी घट्ट धरली. वाईला शाळेत मी ज्वालामुखीबद्दल बेधडक बोलते. लाव्हा निवताना तडकतो आणि त्याचे सरळसोट खांब होतात, हे फळ्यावर काढून दाखवायला काय जातं? इथे त्या खांबांच्या डोक्यावर देऊळ होतं आणि सासूबाईंना तिथवर न्यायचं होतं.

नवस त्यांचाच. विषमज्वरातून मुलगा उठला तर गिल्बर्ट हिलवरच्या गावदेवीची ओटी भरीन, असा. मुलगा, म्हणजे माझा नवरा, बरा होऊन इथे मुंबईत कामावर रुजूही झाला. सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि ते त्यांना मुळीच मान्य नाही, त्यामुळे त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे माझ्या जिवाला घोर.

"वर सांभाळून जावा हां, बाई," टांगेवाला म्हणाला. "बाजूलाच खाण आहे. दुपारी सुरुंग उडवतात."

"बाजूला म्हणजे किती?"

"एकदम चिकटून. घाबरायचं नाय, रोजचंच आहे ते."

त्याच्या बोलण्याने मी जास्तच घाबरले.

पायथ्याशी एक बाई ताडगोळे (ताडफळातला थंडगार गर) विकत होती. सासूबाई ओटी भरल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नव्हत्या, म्हणून नंतरसाठी थोडे बांधून घ्यावेत म्हटलं. पुडी घेऊन वळले, तर सासूबाई जागेवर नाहीत! पायऱ्यांवर नाहीत, चिंचेखाली नाहीत. मी वेड्यासारखी डोंगराला वळसा घालून धावले.

पलीकडे डोंगराचा एक लचकाच तोडलेला होता. उघड्या पडलेल्या खांबांच्या रांगेसमोर, दगडांत रोवलेल्या काठीवर लाल फडकं फडफडत होतं आणि सासूबाई त्याच्यापुढे बसून हळदकुंकू वाहत होत्या. आमच्याकडे देवीच्या वाटेवर असंच लाल निशाण असतं. त्याला हात जोडल्याशिवाय कुणी वर चढत नाही. हे निशाण सुरुंगाचं आहे हे मला कळलं, ते लांबून येणाऱ्या आरोळीमुळे.

"ओ बाई! म्हातारीला उठवा! वात पेटवलीय!"

मी ओरडले. त्यांना ऐकूच जाईना. लाज वाटते सांगायला, पण मी तिथेच उभी राहिले.

खडकाआडून एक माणूस धावत आला, बनियनवर, तोंडात विझलेली विडी. सगळे वातीपासून लांब पळालेले आणि हा वातीच्या दिशेने! त्याने सासूबाईंना सरळ काखोटीला मारलं आणि जाताजाता मलाही ढकलत खडकाआड नेलं. आम्ही पोचलो न पोचलो तोच जमीन हादरली. वरून खडे पडत राहिले. धूळ बसल्यावर पाहिलं, तर एक अख्खा खांब खाली येऊन त्याचे तुकडे झाले होते आणि काठी कुठे दिसतच नव्हती.

"अक्कल आहे का तुम्हाला?" तो माझ्यावर खेकसला. "आत्ता वाट लागली असती! लाल बावटा दिसत नाय?"

"दिसला म्हणूनच बसले रे, बाबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हे बरोब्बर ऐकू आलं.

तो हसला आणि विडी पेटवायला निघून गेला. काडी काही केल्या पेटेना.

मी परत फिरू म्हणत होते. सासूबाई ऐकतात कसल्या! पायऱ्या चढून गेलो, ओटी भरली. त्या बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या.

"मुलासाठी मागितलंत ना?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"तो बरा झालाय की. म्हटलं, त्या विडीवाल्याला रोज संध्याकाळी घरी पोचव."

उतरताना खाणीवर कुणीच दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही वाईला परतलो. ज्वालामुखीचा धडा मी पुन्हा शिकवला, खांब पुन्हा फळ्यावर काढले. पण दिवेलागणीला सासूबाई देवापुढे बसल्या की आता मीही हात जोडते आणि दर वेळी अडखळते. कुणाला घरी पोचव म्हणायचं? त्याचं नाव आम्ही दोघींनीही विचारलं नव्हतं.