तितराचा फाटलेला आवाज

वडूजच्या पूर्वेला माळाच्या कडेला बाळासो एकटेच बसलेले दिसले की लोक म्हणायचे, हवालदार पाखरं धरायला गेलेत. धरायची म्हणजे यंत्रात. सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या भाचीनं, संयोगितानं, त्यांना मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर आणि हेडफोन दिला होता. माळावर सोलरचा प्रकल्प येणार होता. गवत साफ व्हायच्या आधी तिथल्या पाखरांचे आवाज तिला हवे होते.

बाळासोंनी ते काम फौजेतल्या ड्युटीसारखं घेतलं. पंचवीस दिवस, उजाडायला हजर. हेडफोनमध्ये तितर नीट ऐकू येईपर्यंत लेव्हलचं चाक फिरवायचं आणि मग श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

सगळं घेऊन ते एसटीनं सांगलीला गेले. संयोगितानं एक फाईल लावली, दुसरी लावली, मग यंत्र बंद केलं.

"मामा, सगळे आवाज फाटलेत. लेव्हल फार वर होती. तितर ओरडला की यंत्रावरची आवाजाची पट्टी लाल व्हायची, बघितली नाही?"

"व्हायची की. पर मला तर बेतानंच ऐकू यायचं. आता कमी करून घे."

"कमी केला तरी फाटलेलाच राहणार, मामा. रेकॉर्ड होतानाच गेलाय तो."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलेल्या खुणेवर चाक ठेवून ते पुन्हा माळावर बसले. शेळ्यांना पाला आणायला निघालेली बायको, रंगुबाई, जवळच उभी होती. पट्टी एकाएकी उसळली. बाळासोंना काहीच ऐकू आलं नाही.

"यंत्र बिघडलं वाटतं."

"आवं, तितर वरडतोय की! केवढ्यांदा वरडतोय. तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"

बाळासोंनी फौजेत सतरा वर्षं तोफेपाशी काढली होती. कान कधी गेले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

मग ती ऐकायची आणि ते पट्टी बघायचे. दोन सकाळींत तितर एकदाच जवळ आला. तेवढा आवाज स्वच्छ निघाला. तिसऱ्या दिवशी जेसीबी आले.

"नुसती घरघर हाय," रंगुबाई म्हणाली.

"लेव्हल आनखी खाली घिऊ का?"

"घ्या," ती म्हणाली. त्यानं काही होणार नाही, हे तिला दिसत होतं.